साहेब चांगला की नोकरी चांगली?

सदर : कीबोर्डच्या अलीकडे



एप्रिल-मे म्हणजे आपल्या हैदराबादेत आंबे, आवकाय आणि अप्रेझल. पहिल्या दोन विषयांवर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उघड चर्चा रंगते. कुणाच्या बरण्या भरल्या, कुणाचं तिखट जास्त झालं, सगळं कळतं. तिसऱ्या विषयावर मात्र सगळे खासगीत बोलतात. मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर चहाचे कप घेऊन तरुण मंडळी जिन्याजवळ उभी असतात ना, तिथे हमखास तोच विषय चालू असतो.

तिथे कान दिला तर फिरून फिरून दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "काम मस्त आहे रे, पण मॅनेजर..." आणि दुसरं, "कामात काही राम नाही, पण मॅनेजर चांगला आहे म्हणून टिकलोय." वरवर उलटी वाटली तरी दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात. नोकरी आवडते की नाही, याचं उत्तर आपण एका माणसाच्या तोंडाकडे बघून देतो.

हे कितपत खरं आहे, हा आजचा विषय. मी मानसशास्त्राचा माणूस नाही, बी.ई. आहे. पण या विषयावर गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं खूप अभ्यास झालेला आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या जिन्याजवळच्या गप्पांना फार कामाचा आहे.

आधी घरातल्या मोठ्यांची बाजू. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा रेल्वेत, बँकेत, शाळेत नाहीतर राज्य सरकारच्या कचेरीत होते. त्यांना मॅनेजरचं गाऱ्हाणं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "साहेब काय, आज आहे, उद्या बदलून जाईल. आपण आपलं काम करावं." सल्ला चुकीचा नव्हता. त्यांच्या नोकरीत साहेब दर काही वर्षांनी बदलायचा. बढती बहुतेक करून ज्येष्ठतेच्या यादीने मिळायची आणि पगार वेतन आयोग ठरवायचा. साहेबाच्या हातात गोपनीय अहवाल असायचा, त्याची भीतीही असायची, पण साहेबाच्या मर्जीबाहेर राहूनही माणूस मानाने निवृत्त होऊ शकत होता.

आमच्याकडे तसं नाही. पगारवाढ, रेटिंग, कोणतं मॉड्यूल मिळणार, घरून काम करायला परवानगी, दिवाळीची रजा, व्हिसासाठी नाव पुढे जाणार की नाही, प्रत्येक वाटेवर तोच एक माणूस उभा असतो. शिवाय आमच्या कामाला बाहेरून दिसेल असं माप नाही. सुताराचं टेबल डुगडुगतं की नाही हे कुणालाही कळतं. माझा कोड चांगला की वाईट, हे वरच्यांना माझा मॅनेजर सांगतो तसं कळतं. मग त्याच्याबद्दलचं मत आणि नोकरीबद्दलचं मत एकमेकांत मिसळलं, तर नवल नाही. आजोबांचा सल्ला आमच्या कानाला परका लागतो तो यामुळे. दर वेळी पोरं नाजूक झाली म्हणून नव्हे.

आता संशोधनाकडे. १९४०-५० च्या दशकांत अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एक साधी गोष्ट केली. वरिष्ठ स्वतःबद्दल काय म्हणतो ते बाजूला ठेवून त्याच्या हाताखालच्यांना विचारलं, हा माणूस वागतो कसा? शेकडो प्रश्नांची उत्तरं गाळून-चाळून दोन गठ्ठे उरले. एकात माणसांशी वागणं, म्हणजे ऐकून घेणं, विश्वास ठेवणं, मान राखणं. दुसऱ्यात कामाची आखणी, म्हणजे कुणी काय करायचं, कधीपर्यंत आणि कसं, हे ठरवून त्याचा पाठपुरावा करणं. सोयीसाठी आपण एकाला आपुलकी म्हणू, दुसऱ्याला आखणी. महत्त्वाचं म्हणजे हे दोन गुण एकाच पट्टीची दोन टोकं निघाली नाहीत. माणूस दोन्हीत चांगला असू शकतो आणि दोन्हीत शून्यही असू शकतो. दुसऱ्या प्रकारचे नमुने आपण सगळ्यांनी पाहिलेत.

या परंपरेतला माझा सगळ्यात आवडता अभ्यास १९६२ सालचा. एडविन फ्लाइशमन आणि एडविन हॅरिस या दोघांनी ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यातले ५७ फोरमन निवडले. कामगारांना आपला फोरमन कसा वाटतो हे विचारलं आणि ते त्या फोरमनच्या खात्यातल्या लेखी तक्रारी आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या आकड्यांशी जोडून पाहिलं. अपेक्षेप्रमाणे आपुलकी कमी तिथे तक्रारी जास्त निघाल्या. पण आलेख सरळ रेषेत नव्हता. आपुलकी एका पातळीच्या खाली गेली की तक्रारी झपाट्याने वाढत होत्या. त्या पातळीच्या वर आणखी गोड वागून फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे फोरमनने देवमाणूस असायची गरज नव्हती, एका रेषेच्या खाली न गेलं की पुरत होतं.

दुसरा निष्कर्ष मला त्याहून मोलाचा वाटतो. ज्या फोरमनबद्दल "हा आपला विचार करतो" असं कामगारांना वाटत होतं, तो कामाच्या बाबतीत कितीही कडक झाला तरी तक्रारी फारशा वाढत नव्हत्या. ज्याच्याबद्दल तसं वाटत नव्हतं, त्याने आखणी सैल केली तरी तक्रारी उतरत नव्हत्या. सारखीच डेडलाइन, सारखाच पाठपुरावा, पण एकाच्या तोंडून तो कामाचा भाग वाटतो आणि दुसऱ्याच्या तोंडून छळ. आमच्याकडे नवीन टीम लीडला वाटतं की कडक राहू की मवाळ, यातलं एक निवडायचं आहे. ५७ फोरमनच्या कामगारांनी साठ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की प्रश्न तो नाहीच.

त्याच अभ्यासात आणखी एक बारकावा होता. तक्रारी जिथे वाढायला लागतात, तिथे लगेच माणसं सोडून जात नाहीत. सोडून जाण्याचा बिंदू आणखी बराच पुढे असतो. मधल्या पट्ट्यात माणूस तक्रार करत राहतो, पण जात नाही. गच्चीबावलीच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये दुपारी एक वाजता जा, हा मधला पट्टा भरगच्च बसलेला दिसेल.

पुढे २००४ साली टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. नेतृत्वाच्या एकूण परिणामांशी आपुलकीचा सहसंबंध ०.४८ निघाला आणि आखणीचा ०.२९. (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत संबंध. माणसांच्या बाबतीत ०.४८ हा चांगलाच मोठा आकडा समजतात.) त्यातही कामातलं समाधान आपुलकीशी जास्त जोडलेलं होतं, तर गटाच्या कामगिरीशी आखणीचं नातं किंचित जास्त होतं. गुगलमध्ये तर इंजिनिअर लोकांना मॅनेजर हवेतच कशाला, असा प्रश्न पडला होता. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' नावाने स्वतःच्याच माहितीचा अभ्यास केला. मॅनेजरने फरक पडतो, हे मान्य करावं लागलं. चांगल्या मॅनेजरच्या आठ गुणांची यादी निघाली, तिच्यात पहिला गुण शिकवण्याचा होता आणि तांत्रिक ज्ञान आठवं. ते वाचून आमच्या टीममधल्या सगळ्यात हुशार माणसाचा चेहरा पडला होता.

इथपर्यंत सगळं जिन्याजवळच्या गप्पांच्या बाजूने आहे. "माणसं कंपनी सोडत नाहीत, मॅनेजर सोडतात" या लिंक्डइनवरच्या लाडक्या वाक्यालाही बळ मिळतं. गॅलप कंपनीने तर २०१५ च्या अहवालात म्हटलं होतं की कामातल्या मनःपूर्वक सहभागात टीमटीममध्ये जो फरक दिसतो, त्यातला निदान ७० टक्के मॅनेजरमुळे असतो.

पण आता माझ्यातला टेस्टिंग करणारा माणूस जागा होतो. मोजमाप घेतलं कुणी? यातल्या बहुतेक अभ्यासांत "तुझा वरिष्ठ कसा आहे?" आणि "तू कामात समाधानी आहेस का?" हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारलेले असतात, बरेचदा एकाच कागदावर. एकाच थर्मामीटरने दोन खोल्यांचं तापमान घेतलं आणि थर्मामीटरच दोन अंश जास्त दाखवत असेल, तर दोन्ही खोल्या गरमच निघणार. ज्याचा दिवस वाईट गेलाय तो मॅनेजरलाही कमी गुण देणार आणि नोकरीलाही. म्हणूनच मला त्या ५७ फोरमनचा अभ्यास आवडतो. तिथे निदान तक्रारींचा आकडा कागदोपत्री नोंदलेला होता.

शंका इथेच संपत नाही. १९७५ साली डोव ईडन आणि उरी लेव्हियातान या इस्रायली अभ्यासकांनी एक गंमत केली. विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कारखान्याबद्दल अगदी जुजबी माहिती दिली आणि तिथले वरिष्ठ कसे वागतात यावर प्रश्नावली भरायला लावली. अस्तित्वातच नसलेले साहेब! तरी उत्तरांमधून जो साचा निघाला, तो खऱ्या कामगारांनी खऱ्या साहेबांबद्दल दिलेल्या उत्तरांसारखाच होता. म्हणजे साहेब कसा असतो याचं चित्र आपण मनात आधीच घेऊन बसलेलो असतो. समोरचा माणूस त्या चौकटीत आपण भरतो.

त्याच वर्षी बॅरी स्टॉ यांनी लोकांचे छोटे गट करून त्यांना एक काम दिलं आणि नंतर कुणालाही कसंही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं सांगून टाकलं की तुम्ही उत्तम केलंत किंवा तुम्ही वाईट केलंत. ज्यांना "उत्तम" ऐकायला मिळालं ते म्हणाले, आमच्या गटात एकोपा होता, संवाद छान होता. "वाईट" ऐकलेल्यांना आपलाच गट विस्कळीत वाटला. पुढे नेत्याबद्दलच्या मतांच्या बाबतीतही असंच दिसून आलं. यश आलं की साहेब दूरदृष्टीचा, अपयश आलं की हेकट. वागणं मात्र जसंच्या तसं.

याला जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये "नेतृत्वाचं रोमँटिक आकर्षण" अशा अर्थाचं नाव दिलं. आपल्या हैदराबादेतच याचं उत्तम उदाहरण आहे. बेगमपेटच्या पब्लिक स्कूलचे माजी विद्यार्थी सत्या नडेला यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी प्रत्येक टीममधल्या काही जणांना सक्तीने खालची श्रेणी द्यावी लागायची. कर्ट आयकनवाल्ड या पत्रकाराने २०१२ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकात लिहिलं की त्याने ज्या ज्या आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलणं केलं, त्या सगळ्यांनी कंपनीतली सर्वांत घातक गोष्ट म्हणून हीच पद्धत सांगितली. ही पद्धत बंद कुणी केली? दहा जणांना विचारा, बहुतेक जण नडेलांचं नाव घेतील. प्रत्यक्षात ती बंद झाल्याची घोषणा नोव्हेंबर २०१३ मध्ये झाली. तेव्हा सीईओ स्टीव्ह बामर होते, नडेला ४ फेब्रुवारी २०१४ ला आले. नडेलांनी नंतर बरंच केलं, त्याबद्दल वाद नाही. पण चांगल्या गोष्टीला चांगला चेहरा चिकटवायची आपली घाई किती असते, ते बघा.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. त्या काळात मायक्रोसॉफ्टमधल्या ज्या मॅनेजरने टीममधल्या चांगल्या माणसाला खालची श्रेणी दिली, त्याच्याबद्दल त्या माणसाचं मत काय झालं असेल? पद्धत वरून आलेली, नाव मात्र त्याचं.

माझ्या मामेबहिणीचं उदाहरण इथे सांगतो, तिची परवानगी घेऊनच. माधापूरच्या एका कंपनीत ती टेस्टिंगमध्ये होती, चार वर्षं. गेल्या वर्षी एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला, "दादा, मी उद्या पेपर टाकतेय." हातात दुसरी ऑफर नाही, नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, आणि मामीला वेगळीच काळजी की स्थळं बघायच्या दिवसांत ही घरी बसली तर बायोडेटात काय लिहायचं. तिला कारण विचारलं तर उत्तर एका शब्दाचं, "मॅनेजर."

मी तिला म्हटलं, टाक पेपर, पण आधी दहा मिनिटं बग रिपोर्ट लिहितेस तशा तक्रारी लिही. एकेक तक्रार वेगळी आणि तिच्यासमोर मालक कोण ते. म्हणजे हा निर्णय तो स्वतः घेतो, की वरून आलेला फक्त कळवतो, की त्याचा काहीच संबंध नाही. अकरा तक्रारी निघाल्या. रात्री साडेनऊचा कॉल क्लायंटच्या घड्याळामुळे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायची सक्ती सगळ्या कंपनीची. पगारवाढीची एकूण रक्कम वरून ठरलेली. जुनं टूल, बंद पडलेली बदली, कॅबचा मार्ग. अकरापैकी आठ गोष्टी त्या माणसाच्या हातातच नव्हत्या.

मला वाटलं आता तिला हलकं वाटेल. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, आठ गेल्या, तरी मला बरं का वाटत नाहीये?"

कारण उरलेल्या तीन अशा होत्या. तिची चूक तो परदेशातल्या टीमसमोर कॉलवर नाव घेऊन दाखवायचा. तिने केलेला टेस्ट प्लॅन त्याने स्वतःच्या नावाने मेलमध्ये पाठवला होता, दोनदा. आणि रजा मंजूर की नामंजूर हे आदल्या संध्याकाळपर्यंत सांगायचा नाही, त्यामुळे चुलतभावाच्या लग्नाचं नांदेडचं तिकीट तिने दोन वेळा रद्द केलं होतं. या तिन्हींना पैसे लागत नाहीत, वरच्यांची मंजुरी लागत नाही. याच त्या रेषेखालच्या गोष्टी. आणि त्यांच्यामुळे बाकीच्या आठही त्याच्याच नावावर चढल्या होत्या. साडेनऊचा कॉल त्याने ठरवलेला नव्हता, पण त्याच्या आवाजात तो छळच वाटत होता.

तिने पेपर दुसऱ्या दिवशी टाकला नाही. चार महिने शोधून, ऑफर हातात घेऊन मग टाकला. नव्या जागी पगार थोडाच वाढला आणि कॉल आता साडेनऊऐवजी दहाला असतो. परवा भेटली तेव्हा कॉलबद्दल एक अक्षर बोलली नाही. माझ्या मते तिने सोडलं ते योग्यच केलं. यादी केल्याचा फायदा इतकाच की नव्या ठिकाणी मुलाखत देताना काय विचारायचं हे तिला नेमकं माहीत होतं. तिने तिथल्या एका ज्युनिअर मुलीला गाठून विचारलं, "मागच्या वेळी प्रॉडक्शनमध्ये गडबड झाली तेव्हा तुमचे सर पहिलं वाक्य काय बोलले?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या परिचारिकांच्या गटांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. चांगल्या चालणाऱ्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर कारण कळलं. त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे प्रमुख परिचारिका चिडायची, तिथे चुका लपत होत्या, आणि कागदावर सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे आपल्या वरिष्ठाबद्दल हाताखालच्यांना काय वाटतं, हा फक्त त्यांच्या मूडचा प्रश्न राहत नाही. पलंगावरच्या रुग्णाला कोणतं औषध दिलं गेलं हे वर कळेल की नाही, ते त्यावर ठरतं. आमच्याकडे रुग्णाच्या जागी सर्व्हर असतो, म्हणून आपण हसतो. पण बँकेचा सर्व्हर असेल तर त्यात आपल्याच आजीचं पेन्शन असतं.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो, "मॅनेजर चांगला आहे म्हणून टिकलोय." यावर कुणी तक्रार करत नाही, म्हणून कुणी तपासतही नाही.

जय बी. पी. सिन्हा या पाटण्याच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या त्यांच्या पुस्तकात भारतीय कचेऱ्यांसाठी एक वेगळं चित्र मांडलं. आपल्याकडे माणूस वरिष्ठात घरातला वडीलधारा शोधतो, हे त्यांनी मोकळेपणी मान्य केलं. चांगला वरिष्ठ माया देतो, पण ती कामाशी बांधलेली असते. मेहनत करणाऱ्याला ती मिळते, आणि तो शिकून तयार झाला की वरिष्ठ हळूहळू हात सोडतो, निर्णय त्याच्याकडे देतो. हा शेवटचा भाग आपण विसरतो. नुसती माया करणारा आणि कधीच हात न सोडणारा वरिष्ठ आपल्याला फार आवडतो, कारण तो घरच्यासारखा वाटतो.

माझा एक मित्र सहा वर्षं अशाच एका लीडच्या हाताखाली राहिला. लीड खरोखर सज्जन. याच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री यशोदात येऊन बसला होता. पण सहा वर्षांत याला त्याने नवं काही करू दिलं नाही, जुन्या सिस्टिमची देखभाल फक्त. कुणी वरून विचारलं की म्हणायचा, "हा माझा उजवा हात आहे, याला हलवू नका." एके दिवशी लीड कॅनडाला गेला. उजवा हात इथेच राहिला आणि बाजारात कुणालाच नको असलेली टेक्नॉलॉजी त्याच्या गळ्यात. समाधानाच्या फॉर्मवर याने सहा वर्षं पाचपैकी पाच दिले होते. मला तरी हा प्रकार मामेबहिणीच्या मॅनेजरपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण यात रात्री साडेअकराला फोन करावासा वाटत नाही.

आणि सगळंच मॅनेजरवर ढकलायचं म्हटलं तर जुळ्या भावंडांचा अभ्यास आड येतो. १९८९ साली रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी, लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्यांना नोकरीतल्या समाधानाबद्दल विचारलं. घरं वेगळी, नोकऱ्या वेगळ्या, साहेब वेगळे. तरी समाधानातला साधारण ३० टक्के फरक जन्मजात धाटणीशी जुळत होता. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक काका असतात, ज्यांना पाच कंपन्यांत पाच नालायक साहेब भेटले. त्यांना हा अभ्यास वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

जाता जाता, यंदा ज्यांच्या नावापुढे पहिल्यांदा 'लीड' लागलंय त्यांच्यासाठी. तुम्हाला आता दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला पाठवतील, बहुधा शमीरपेटच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये. फ्लाइशमन यांनीच १९५३ मध्ये अशा शिबिरांचाही अभ्यास प्रसिद्ध केला होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे फोरमन दोन आठवड्यांच्या वर्गाला जायचे. वर्ग संपताना त्यांची मतं छान बदललेली असायची, माणसांना समजून घ्यावं वगैरे. कारखान्यात परतल्यावर मात्र ते पुन्हा तसेच वागू लागत, जसा त्यांचा स्वतःचा साहेब त्यांच्याशी वागे. वरचा साहेब कठोर असेल तर काही जण पूर्वीपेक्षाही कोरडे झाले.

म्हणजे तुमच्या हाताखालचा तेवीस वर्षांचा मुलगा जिन्याजवळ तुमच्याबद्दल जे बोलणार आहे, त्यातलं निम्मं तुमच्या डायरेक्टरने आधीच लिहून ठेवलंय. उरलेल्या निम्म्यात ते तीन बग येतात, नाव घेऊन अपमान, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव, आणि रजेचं उत्तर अडकवून ठेवणं. हे तीन बंद करायला कुणाच्याच मंजुरीची गरज नाही. रजेपासून सुरुवात करा, सगळ्यात सोपं आहे. अर्ज आला त्याच दिवशी हो किंवा नाही सांगा. नाही असेल तरी चालेल, पण त्याच दिवशी.

कुणी करून पाहिलं तर दोन महिन्यांनी मला जरूर कळवा. आणि टीमला विचारून नको, टीममधल्या कुणाकडून तरी कळू द्या.